खालच्या पानांचा पुरावा

मे महिन्याच्या नऊ तारखेला लायनेल पिल्बीम यांच्या टोस्टशेजारी एक पोस्टकार्ड येऊन पडलं आणि त्या घरची शांतता पुढचे पाच आठवडे बाहेरगावी गेली. मजकूर दीड ओळीचा होता. 'हॅडो टेकडीवरचा माळमिल्कवर्ट (?), नोंद मिळाली. खालची पानं पाहिलीत का? – ई. एकहर्स्ट.'

दुसऱ्या प्रश्नचिन्हाबद्दल पिल्बीमसाहेबांची तक्रार नव्हती. ते प्रश्नाच्या शेवटी, आपल्या जागी, सभ्यपणे बसलं होतं. राग होता तो पहिल्याचा. ते फुलाच्या नावामागे कंसात दडून बसलं होतं, जसा एखादा माणूस हेजमागे, म्हणजे झुडपांच्या कुंपणामागे, उभा राहून शेजाऱ्याच्या घरात बघतो तसं.

"ही बाई मला खोटं ठरवते आहे," ते म्हणाले.

"तुला नाही रे, फुलाला," त्यांच्या पत्नी म्यूरिएलबाई म्हणाल्या. "मार्मलेड सरकव."

पण मार्मलेड सरकवण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते. एकतीस वर्षं हा माणूस वजनमाप खात्यात निरीक्षक होता. खाटकांचे तराजू, दारूवाल्यांचे पेले, कोळशाची पोती, सगळ्यांना त्यांनी प्रश्नचिन्हं लावली होती. त्यांना कुणी लावलं नव्हतं. एकदा तर त्यांनी चर्चच्या जत्रेतला केक किती वजनाचा ते ओळखण्याचा खेळ बंद पाडला होता, कारण ज्या काट्यावर केक तोलला तो पाव औंस खोटा होता. गावाने ते अजून माफ केलेलं नाही.

मामला असा होता. त्या परगण्यातल्या रानफुलांचं मोठं पुस्तक निघणार होतं. नकाशावर चौकोन पाडून एकेक चौकोन एकेका हौशी माणसाला दिला होता. नेदर टिडिंग गावाचा चौकोन पिल्बीमसाहेबांनी घेतला, कारण निवृत्तीनंतर दुसरा पर्याय बोलिंग क्लबचा होता आणि तिथला चेंडू एका बाजूला जड असतो, हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी दोनशे चौदा झाडांची यादी पाठवली. ती तपासणार होत्या मिस एकहर्स्ट. परगण्यातलं कुठलं फूल आहे आणि कुठलं नाही, हे गेली चाळीस वर्षं त्या ठरवत होत्या. फुलांना त्यात मत नव्हतं. जी नोंद त्यांना पटेल ती पुस्तकात सरळ छापली जाई. जी पटणार नाही ती चौकोनी कंसात, नोंदवणाऱ्याच्या नावासकट. चौकोनी कंसाचा अर्थ एवढाच, की हे गृहस्थ असं म्हणतात, आपण विषय बदलू या. तीस जूनला पुस्तक छापखान्यात जाणार होतं, आणि एकदा कंसात अडकलेला माणूस पुढची आवृत्ती निघेपर्यंत, म्हणजे साधारण पन्नास वर्षं, कंसातच राहतो.

आता मिल्कवर्टबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पिल्बीमसाहेब ते सगळ्यांना सांगत आणि सगळ्यांना ऐकावं लागे. नावात दूध असलं तरी या झाडात दुधाचा थेंब नसतो. झाड म्हणायचं तेसुद्धा उदारपणे; उंची बोटभर, फूल तांदळाच्या दाण्याएवढं. त्याच्या तीन जाती पिल्बीमसाहेबांनी यादीत लिहिल्या होत्या. खडूमिल्कवर्ट खडूच्या टेकडीवर वाढतो. त्याची काडी जमिनीलगत थोडी उघडीवाघडी सरपटते, मग पानांचा एक गुच्छ येतो आणि त्या गुच्छातून फुलांच्या काड्या निघतात. साध्या मिल्कवर्टला गुच्छ नाही. पानं एक डावीकडे, एक उजवीकडे, अशी आळीपाळीने वर चढतात. माळमिल्कवर्टचंही तसंच, फक्त त्याची अगदी बुडाची पानं जोडीजोडीने समोरासमोर असतात. बाकी फूल म्हणाल तर तिघांचंही निळं असतं, गुलाबी असतं, पांढरंही असतं. पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'रंगावर जाऊ नये.'

माळमिल्कवर्टला खडू सोसत नाही, आणि हॅडो टेकडी तर आतून बाहेरून खडूची. मिस एकहर्स्टना शंका आली ती म्हणूनच. पण टेकडीच्या अगदी माथ्यावर, दिवाणखान्याएवढ्या जागेत, आम्लधर्मी, बिनखडूच्या मातीचा पातळ थर होता आणि त्यावर माळावरची झुडपं वाढत. ते फूल पिल्बीमसाहेबांना तिथे दिसलं होतं. मात्र त्याची खालची पानं त्यांनी पाहिली होती का? इथे त्यांच्या आवाजातला जोर थोडा कमी होई. त्यांनी वाकून पाहिलं होतं. कमरेतून. आणि कमरेतून वाकणाऱ्याला वरची पानं दिसतात.

"मग जा की, झोप पालथा आणि बघ," म्यूरिएलबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी, कोट आणि टाय घालून, ते टेकडीच्या माथ्यावर पालथे झोपले. पायवाट हाताच्या अंतरावर होती. पहिल्यांदा एक जोडपं आलं. माणूस गवतात तोंड खुपसून निपचित पडला आहे असं पाहून गृहस्थ म्हणाले, "छान पडलंय ऊन." पिल्बीमसाहेब गवतातून म्हणाले, "हो ना, पण वारा आहे." जोडपं पुढे गेलं. मग ग्रामपंचायतीच्या अध्यक्ष मिसेस फॉगडन कुत्र्याला घेऊन आल्या. कुत्र्याने पिल्बीमसाहेबांचा कान हुंगला. मिसेस फॉगडननी कुत्र्याला माफी मागायला लावलं आणि त्यासुद्धा उन्हाबद्दलच बोलून गेल्या. माणूस जिवंत आहे की नाही हे विचारणं म्हणजे त्याच्या खासगी बाबीत नाक खुपसणं, असं त्या गावात सगळेच मानत. शेवटी टपालवाल्या डोरीनने खाली येऊन पिल्बीमांचं दार वाजवलं.

"मिसेस पिल्बीम, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आधी विचारते, किटली ठेवलीय का?"

"ठेवलीय."

"मग सांगते. तुमचे मिस्टर टेकडीवर पडलेत. पालथे."

"हलतायत?"

"एक पाय हलत होता."

"मग झालं तर. खालची पानं बघतायत. ये, चहा घे."

पानं दिसली. समोरासमोर, जोडीने, अगदी पुस्तकात काढल्यासारखी. पिल्बीमसाहेबांनी भिंग लावून तीन रोपांची पाहिली, तारीख-वेळ लिहिली आणि घरी येऊन मिस एकहर्स्टना चार पानी पत्र धाडलं. उत्तर एका ओळीचं आलं. 'वाचून आनंद झाला. रोप पाठवावं. घाई करावी, खालची पानं जूनच्या मध्यापर्यंत गळतात.'

इथे शेजारच्या क्लॉड हनीसेट यांचा प्रवेश होतो. हनीसेट हे स्वीटपी फुलांच्या प्रदर्शनात अकरा वेळा पहिले आलेले गृहस्थ. त्यांच्या बागेत एकही पान विनापरवानगी उगवत नसे. दोन घरांमधल्या हेजवरून त्यांचा सल्ला रोज येई, आणि हेज छाटून झाल्यावर तर सल्ल्यामागचे हनीसेट छातीपर्यंत दिसत.

"एवढं काय त्यात? निळा एक, गुलाबी दुसरा, पांढरा तिसरा. तीन रंग, तीन जाती. संपलं," हनीसेट म्हणाले.

"रंगावर जायचं नसतं, क्लॉड. रंगावर नवशिके जातात."

"बरं बाबा, नवशिका तर नवशिका. मग उपट एक आणि दे टाकून पोस्टात."

"उपट?" पिल्बीमसाहेबांनी हा शब्द चिमट्यात धरल्यासारखा उच्चारला. टेकडीचा माथा पंचायतीच्या मालकीचा होता. फाटकावर पाटी होती, 'रोपं उपटू नयेत. हुकमावरून.' बुडाची पानं हवीत तर बूड हवं, आणि बूड धरलं की एवढ्याशा रोपाची मुळं हातात येणारच. म्हणजे गुन्हा. "मी परवानगीचा अर्ज करणार आहे."

"एका काडीसाठी?"

"एका काडीसाठी."

"लायनेल, त्या टेकडीवर ससे रात्रंदिवस चरतात. त्यांनी कुणाकडे अर्ज केलाय?"

पिल्बीमसाहेबांनी सशांच्या पातळीवर उतरायला नकार दिला.

पंचायतीची सभा तीन जूनला होती. विषयपत्रिकेवर हा विषय सातवा होता. बसथांब्याच्या बाकानंतर आणि कुत्र्यांच्या विष्ठेच्या आधी. मिसेस फॉगडननी अर्ज मोठ्याने वाचला. 'एक रोप. बुडासह.' सभागृहात सगळे विचार करू लागले.

"मला मिस्टर पिल्बीमांबद्दल आदर आहे," एक सभासद म्हणाले, "पण आज त्यांना एक दिलं, की उद्या बालवीरांचं पथक येईल. त्यांना पण एकेक हवं. म्हणजे चोवीस."

"बालवीरांना मिल्कवर्ट कशाला हवा?" हनीसेट म्हणाले. तेही पंचायतीचे सभासद होते.

"ते मला माहीत नाही. पण तत्त्व म्हणून बोलतोय."

"रोप दुर्मीळ आहे का?" एका सभासद बाईंनी विचारलं.

"तेच तर ठरवायचंय," पिल्बीमसाहेब मागच्या खुर्चीतून म्हणाले.

"दुर्मीळ असेल तर उपटता कामा नये. आणि दुर्मीळ नसेल तर उपटायची गरजच काय?"

हा युक्तिवाद पक्का आहे हे पिल्बीमसाहेबांनाही मनातून मान्य करावं लागलं. कुणीतरी अर्धं रोप सुचवलं. कुणीतरी विचारलं, की बघून झाल्यावर ते परत लावणार का. एकांनी उपसमितीची सूचना मांडली, पण उपसमिती जुलैत बसली असती, आणि पानं तोवर थांबणार नव्हती. शेवटी एकवीस मिनिटांनी ठराव झाला. 'मिस्टर पिल्बीम यांनी एक (१) रोप, सभासद मिस्टर हनीसेट यांच्या समक्ष, एकदाच घ्यावं.' बसथांब्याच्या बाकाला तीन मिनिटं लागली होती.

पाच जूनला दोघं वर गेले. पिल्बीमसाहेबांनी पालथं झोपून अर्धा तास उमेदवार तपासले. वशिला नको म्हणून सर्वांत मोठं नाही, दया नको म्हणून सर्वांत छोटंही नाही. पण जे घेतलं त्याच्या बुडाला पानांच्या दोन जोड्या शाबूत होत्या. थोडी पिवळी, थोडी किड्याने खाल्लेली, पण समोरासमोर. हनीसेटनी वेळ लिहून सही केली. ओल्या टिपकागदात गुंडाळून रोप एका टॉफीच्या डब्यात ठेवलं. पिल्बीमसाहेबांना त्या दुपारी दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून पाच वाजायच्या आत डबा पोस्टात टाकायचं काम हनीसेटनी आपण होऊन अंगावर घेतलं. इतका चांगला शेजारी मिळायला भाग्य लागतं.

अकरा तारखेला कार्ड आलं. 'रोप मिळालं. फारच सुबक. खालची पानं मात्र नाहीत. तरी कंसात ठेवते. – ई. एकहर्स्ट.'

पिल्बीमसाहेब कार्ड घेऊन हेजपाशी गेले. हनीसेट पलीकडे वेलींना दोरे बांधत होते.

"क्लॉड, त्या डब्याचं तू काय केलंस?"

"पोस्टात टाकला. चार पन्नासला. पावती देऊ?"

"त्याआधी?"

"त्याआधी काही नाही. जरा नीटनेटकं केलं तेवढंच."

"नीटनेटकं म्हणजे?"

हनीसेटनी दोरा खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर निष्पाप माणसाची शांती होती. "अरे, बुडाला ती चार पिवळी पानं लोंबत होती. किडकी. तशी ठेवून कुणी परीक्षकापुढे काडी मांडतं का? माझ्या बापाने शिकवलंय मला, बुडाची पानं आधी काढायची, मग काडी पाण्यात. गुण कापतात रे त्याचे! तुझं नाव जाणार होतं त्याबरोबर. म्हटलं, आपल्या गावाची शोभा नको."

पिल्बीमसाहेबांनी कार्ड पुन्हा वाचलं. गावातल्या कुठल्याही माणसाने नेमकं हेच केलं असतं, हे त्यांना दिसत होतं आणि त्यामुळे रागवायलाही जागा उरली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या आईनेसुद्धा प्रदर्शनातले लीक कांदे याच रीतीने साफ केले असते.

"सुबक म्हणाल्या आहेत त्या," अखेर ते म्हणाले.

"बघ!" हनीसेट खूश झाले. "मग काय, नंबर आला?"

नंबराचं काय झालं ते ऐकल्यावर हनीसेट मटकन बागेतल्या खुर्चीवर बसले. एकदाच्या परवानगीचं एक रोप संपलं होतं. दुसऱ्या अर्जाला जुलै उजाडणार. सोळा तारखेला टेकडीवर मेंढ्या सोडायच्या होत्या, आणि मेंढ्या पाटी वाचत नाहीत.

"रोप तिच्याकडे जाऊ शकत नाही ना? मग तिला रोपाकडे आण," हेजच्या अलीकडून म्यूरिएलबाई म्हणाल्या. पाच आठवड्यांत त्या घरात कुणी बोललेली ही पहिली अकलेची गोष्ट होती.

चौदा जूनला, शनिवारी, अकराच्या बसने मिस एकहर्स्ट आल्या. अंगाने काटकुळ्या, पायात पुरुषी बूट, गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग. वय पंच्याहत्तरीच्या आसपास. पिल्बीमसाहेबांनी मनात रचलेलं भाषण त्यांना बघताच विरघळलं.

"दोन पाचची परतीची बस आहे," त्या म्हणाल्या. "चला."

हनीसेट बरोबर आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण प्रायश्चित्त म्हणून सँडविचची टोपली त्यांनी उचलली होती.

माथ्यावर मिस एकहर्स्ट विनासंकोच पालथ्या झोपल्या. शेजारी पिल्बीमसाहेब, त्यांच्या शेजारी हनीसेट. पहिलं रोप, खालची पानं गळलेली. दुसरं, गळलेली. सातवं, आठवं, तसंच. चौकोनी कंस पिल्बीमसाहेबांना आता दोन्ही बाजूंनी जवळ येताना दिसत होते.

"झुडपाच्या आत बघा," मिस एकहर्स्ट म्हणाल्या. "सावलीत उशिरा गळतात."

हात घालून झुडूप बाजूला केलं ते हनीसेटनी, आणि अंगठ्याला काटा लागला तरी सोडलं नाही. आत एक फिकट रोप उभं होतं. मिस एकहर्स्टनी भिंग डोळ्याला लावलं.

"समोरासमोर," त्या म्हणाल्या. "दोन जोड्या. शंकाच नाही. मिस्टर पिल्बीम, खडूच्या टेकडीवर माळमिल्कवर्ट मी या भागात पहिल्यांदा बघतेय. माफ करा मला."

पिल्बीमसाहेब म्हणाले, "छे, छे, तुमचं बरोबरच होतं," आणि मग त्यांना नाक शिंकरावं लागलं. गवताचा त्रास होतो त्यांना जूनमध्ये.

उतरताना सगळ्यांचीच जीभ सैल झाली. हनीसेट तर हा शोध आपणच लावल्यासारखे अंगठा उंच धरून चालले होते. खाली कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्यांपाशी गुलाबी फुलांची एक दाट चादर होती.

"हा आपला साधा मिल्कवर्ट," पिल्बीमसाहेब सहज म्हणाले. "यादीतला."

"हो, हो," मिस एकहर्स्ट घड्याळ बघत म्हणाल्या. "त्यात बघायचं काय. बस चुकेल."

आणि चुकलीही नसती. पण पिल्बीमसाहेबांना आता पालथं पडायची सवय लागली होती. दारू सुटते, ही सुटत नाही. ते पडले आणि त्यांनी भिंग लावलं. उघडी सरपटणारी काडी. मग पानांचा गुच्छ. त्यांनी दुसरं रोप पाहिलं. गुच्छ. तिसरं, चौथं, सातवं; गुच्छ, गुच्छ, गुच्छ. एप्रिलमध्ये या जागी आपण नेमकं काय पाहिलं होतं, ते त्यांना लख्ख आठवलं. त्यांनी गुलाबी पाहिलं होतं. वरच्या उतारावरचा निळा, म्हणून तो खडूचा. हा गुलाबी, म्हणून हा साधा. कमरेतून वाकून.

मिस एकहर्स्ट एक पाय पायरीवर ठेवून उभ्या होत्या. या नोंदीवर त्यांनी शंका घेतली नव्हती, कधी घेणारही नव्हत्या. पन्नास वर्षं ती बिनकंसाची, डौलात उभी राहिली असती. एकतीस वर्षांत अशा क्षणी उभे असलेले पुष्कळ दुकानदार पिल्बीमसाहेबांनी पाहिले होते, आणि ते इतका वेळ का लावतात हे त्यांना आज कळलं.

"मिस एकहर्स्ट," ते गवतातून म्हणाले, "साधा मिल्कवर्ट खोडा. हा खडूचाच आहे. मी... मी रंगावर गेलो."

"नवशिके जातात ते?" हनीसेटनी विचारलं. त्यांच्या मनात टोमणा नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

मिस एकहर्स्टनी पाय पायरीवरून खाली घेतला. त्या पिल्बीमसाहेबांशेजारी पडल्या आणि बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. खालून दोन पाचची बस येऊन, थांबून, निघून गेल्याचा आवाज आला. कुणी मान वर केली नाही.

"तुमची नोंद मी का तपासली नाही, माहीत आहे?" शेवटी त्या म्हणाल्या. "कारण याच पायऱ्यांपाशी साधा मिल्कवर्ट मीच नोंदवलाय. एकोणीस वर्षांची होते. माझी पहिली नोंद ती. तुमची तिच्याशी जुळली, म्हणून म्हटलं माणूस बरोबर दिसतोय." त्यांनी भिंग पुसलं. "किती गुलाबी होता तेव्हा. काय सुंदर दिसत होता."

त्यांनी पिशवीतून वही काढली, दोन्ही नोंदींवर पेन्सिलीने एकेक सरळ रेघ मारली आणि तारीख घातली. आधी स्वतःच्या, मग त्यांच्या. रेघा इतक्या सरळ होत्या की पिल्बीमसाहेबांना वहीला मोजपट्टी लावून पाहावीशी वाटली, पण त्यांनी स्वतःला आवरलं.

"म्हणजे आता या चौकोनात माळमिल्कवर्ट आहे, खडूमिल्कवर्ट आहे," हनीसेट सँडविचवरचा कागद सोडत म्हणाले, "आणि साधाच नाही?"

"या चौकोनात नोंद नाही," मिस एकहर्स्टनी दुरुस्ती केली.

"मग तो असतो तरी कुठे?"

"सगळीकडे," दोघं एकदम म्हणाले, आणि तिघंही गवताकडे बघू लागले.